दाराखालचा वारा

"दार लावून निजायची सवय हाय का गो तुला?"

खोली बघायला गेले तेव्हा मला विचारलेला पहिला आणि शेवटचा प्रश्न हा! त्याआधी मी बदलापुरात किती दारं पालथी घातली होती माहितीये? एका मालकाने आडनाव विचारलं आणि "कळवतो" म्हणाला. एका बाईंनी घरात काय शिजवणार विचारलं. एकांनी तर माझ्या फोनमधले फोटोच बघायला मागितले, म्हणजे कसले लोक येणार त्याचा अंदाज! आणि हे काका. बदलापूरच्याच खरवईतला भलामोठा बंगला, गळ्यात जाड सोन्याची चेन, अंगात गंजी, हातात एक ओली जाळीदार चौकट, त्यातून पाणी टपटप गळतंय, आणि विचारतात काय, तर दार लावून झोपतेस का!

मी "नाही" म्हणाले. आणि गंमत बघा, मला खोली हवी होती ती फक्त दार लावायला. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये आमचं घर म्हणजे पुढे जीन्स शिवायचा कारखाना आणि मागे उरलेल्या जागेत आम्ही. सकाळपासून मशीनची घरघर, धाग्यांचे गुंडे आणि "ए, वो बत्तीस साइज का माल किधर रखा?" असल्या आरोळ्या. मला सरकारी परीक्षेचा अभ्यास करायचा होता. बदलापूरला एका क्लासच्या ऑफिसात छोटी नोकरी मिळाली आणि मी घरी सांगून टाकलं, आता मला एक खोली आणि एक दार पाहिजे.

मिळालं ते असं घर, जिथे दार लावायला बंदी.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल काका विक्षिप्त होते. होतेच. पण त्यांच्या विक्षिप्तपणाला एक कारण होतं आणि ते कारण छतातून फिरायचं.

त्या बंगल्यात सेंट्रल एसी होता. हो, घरात! मॉलमध्ये असतो तसा. गच्चीवर एक मोठं मशीन, छताच्या आतून गेलेले पत्र्याचे चौकोनी बोगदे आणि प्रत्येक खोलीत वर एक झरोका, ज्यातून गार हवा उतरायची. आणि ही सगळी हवा परत जायला वाट मात्र एकच, खालच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे, भिंतीत बसवलेली मोठी जाळी. सगळ्या खोल्यांमधली हवा फिरून फिरून तिथे यायची आणि आत ओढली जायची. म्हणजे एखाद्या खोलीचं दार लावलं की तिथली हवा अडकली. खोली फुगल्यासारखी होते, झरोक्यातून शिट्टी वाजते आणि बाकीच्या घराची हवा कमी पडते.

म्हणून दारं उघडी. सगळी. कायम. दाराऐवजी पडदे.

आणि ते पडदे, अरे देवा, ते पडदे! मी पहिल्या दुपारी जिन्यात उभी राहून बघतच राहिले. प्रत्येक खोलीचा पडदा हळूच हॉलच्या दिशेने फुगायचा, थोडा थांबायचा आणि परत खाली यायचा. खाली काका-काकींचा निळा, त्यांच्या शेजारी त्यांच्या थोरल्या मुलाचा, म्हणजे थोरल्या दादाचा, फुलांचा, समोर धाकट्याचा पांढरा, वर माझा पिस्ता. सगळे एकदम. जणू घर झोपलंय आणि आपण त्याच्या छातीवर उभे आहोत. बाहेर मे महिना नुसता भाजत होता, आणि आत कुठलाही आवाज नाही, पंखा नाही, भिंतीवर ठिबकणारं एसीचं खोकं नाही. फक्त पडदे.

काका त्याला कधीच एसी म्हणायचे नाहीत. वारा म्हणायचे. "वारा लाव." "वारा बारीक कर." "आज वारा जड वाटतंय, जाली धुवाला झाली."

हा वारा त्यांना पहिल्यांदा उल्हासनगरला भेटला होता. काकींनी मला हे मेथी निवडता निवडता सांगितलं. एका मोठ्या सिंधी व्यापाऱ्याच्या नव्या बंगल्याच्या पूजेला काका गेले होते. सोफ्यावर बसले आणि अंगावर गार झुळूक आली. काकांनी वर बघितलं, खाली बघितलं, खिडक्या बघितल्या. सगळ्या बंद. मग म्हणे उठून कोपऱ्या-कोपऱ्यात हात पुढे करून फिरायला लागले. पाहुणे हसतायत, आणि हे आपले वारा शोधतायत.

"घरी आले तं दोन दिस जेवले नाय धड," काकी म्हणाल्या. "सारखं एकच, 'गो, आपले शेतान यायचा तसा वारा व्हता. कुठून यतं, दिसतंच नाय.'"

त्यांचं शेत तोवर विकून झालं होतं. बंगल्याच्या समोर जे उंच टॉवर उभे आहेत ना, गुलाबी आणि राखाडी रंगाचे, त्यांच्या खाली ते शेत. भात झोडपून झाल्यावर काका बांधावर आडवे व्हायचे आणि डोंगराकडून वारा यायचा. टॉवर झाले आणि तो वारा पलीकडेच थांबला. मग काकांनी तो छतातून आणला. मी हे ऐकलं तेव्हा इतकी भारावून गेले की मेथीच्या काड्या पण भाजीत टाकल्या. काकींनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

आता मशीन बसवायला जो मेकॅनिक आला होता, कॅम्प दोनचा, त्याने तेव्हाच सांगितलं होतं, "साईं, हर दरवाज़ा नीचे से दो उंगली काट दो. फिर बंद भी करो तो हवा नीचे से निकल जाएगी."

एवढं सोपं होतं! पण काका उसळले. "दरवाजे को हात नाय लगाने का!"

कारण ती दारं सागाची. शेताच्या बांधावर काकांच्या बापसाने लावलेले साग. जमीन विकताना बाकी सगळं सोडलं, पण झाडं तोडून लाकूड घरी आणलं आणि त्याची दारं केली. तेव्हा दारांना करवत लागणार नाही, आणि वारा पण पाहिजे. मग उरलं काय? दारं लावायचीच नाहीत. सहा फुटांची सुंदर, जाड, तेल पाजलेली दारं, आणि ती जन्मभर भिंतीला टेकून उभी. वर्षातून एकदा दसऱ्याला त्यांना झेंडूचं तोरण. हॉलमधल्या जाळीला पण हार. एका दसऱ्याला जाळीने तो हारच आत ओढायला सुरुवात केली आणि मग कितीतरी दिवस आतून पिवळ्या पाकळ्या निघत होत्या. काका म्हणाले, "देवाने परसाद घेतला."

रविवार म्हणजे जाळी धुवायचा दिवस. जाळीच्या मागे धूळ अडवणारी ती चौकट असायची, माझ्या पहिल्या भेटीत काकांच्या हातात होती तीच. अंगणात तिला दगडावर टेकवायचं आणि पाइपने पाणी मारायचं, ते पण मागच्या बाजूने. पुढून मारलं की धूळ आणखी आत रुतते. मग सावलीत वाळवायची. पूर्ण वाळल्याशिवाय लावायची नाही, नाहीतर घरभर कुबट वास. जाळी निघाली की वारा बंद, म्हणून रविवारी सकाळी सगळं घर अंगणात. त्या चौकटीतून निघणारं पाणी सिमेंटसारखं राखाडी असायचं. सिमेंटच होतं ते, समोरच्या टॉवरचं.

"ही बघ, आपली जमीन," काका त्या गाळाकडे बोट दाखवून म्हणायचे. "उडून परत येतंय आपल्याकडे."

काकींना दमा होता. आजूबाजूच्या घरांत बारीक धुळीचा थर बसायचा आणि आमच्याकडे टीव्हीवर बोट फिरवलं तरी बोट स्वच्छ. काकी म्हणायच्या, "हा माणूस येडा हाय, पन मी याच्या येडेपनावर श्वास घेतंय."

बाकी मग मशीनचं पाणी जायचा नळ शेवाळाने तुंबायचा, तो गरम पाणी ओतून मोकळा करायचा. गच्चीवर मशीनच्या मागे कबुतरं घर बांधायची, त्यांना हाकलायचं. हे सगळं काका स्वतः करायचे. मुलांना हात लावू द्यायचे नाहीत. "तुमी गाड्या पुसा," म्हणायचे.

आणि चहा! चहा झाला की काका सोफ्यामागे वाकायचे, जाळीला तोंड लावायचे आणि आवाज द्यायचे, "चाय झाली गोऽऽ!" तो आवाज भिंतीतून वर जायचा, गच्चीपर्यंत, आणि सगळ्या झरोक्यांतून खाली पडायचा. माझ्या डोक्यावर, पुस्तकावर. लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. मी पहिल्यांदा किंचाळले होते. नंतर नंतर मी त्या आवाजाची वाट बघायला लागले. पुस्तक उघडं, डोळे मिटलेले, पडदा फुगतोय आणि छत म्हणतंय, चहा झाला.

अर्थात वारा चहा घेऊन यायचा तसं सुकटही घेऊन यायचा. काकींनी स्वयंपाकघरात सुकट भाजली की ती माझ्या उशीत, दादाच्या शर्टात आणि देवघरात एकाच वेळी. धाकट्या दादाच्या हळदीनंतर तर महिनाभर सगळं घर पिवळं वास मारत होतं. त्या घरात कुणाचं काही एकट्याचं नव्हतं. वासही नाही, खोकलाही नाही, फोनवरचं बोलणंही नाही. काकांना तेच आवडायचं. "एका घरान एक वारा," ते म्हणायचे, आणि हॉलच्या भिंतीवरच्या तापमानाच्या डबीला त्यांनी एक छोटं लाकडी दार लावून कुलूप घातलं होतं. किल्ली चेनमध्ये. सव्वीसवरून काटा हलणार नाही म्हणजे नाही.

आता जे झालं ते सांगते.

धाकटी वहिनी नवीन होती. अंबरनाथची. बारीक, हसरी, माझ्याच वयाची, म्हणून आमची गट्टी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि तिची आई गेली. अचानक. ती माहेरी जाऊन कार्य उरकून परत आली. परत आली ती पहिल्यासारखीच. सगळ्यांना जेवायला वाढायची, हसायची, माझ्या केसांना तेल लावून द्यायची. मला वाटलं, किती धीराची आहे.

थोड्याच दिवसांत, एका रविवारी, जाळी अंगणात वाळत असताना धाकटा दादा काकांसमोर उभा राहिला.

"बाबा, आमच्या खोलीत वेगळा एसी बसवतोय. उद्या माणूस येतोय भोक पाडायला."

"कशाला? वारा पुरत नाय?"

"पुरतो. पण आम्हाला दार लावायचंय."

"दार लावलास तं वारा कोंडंल."

"म्हणून तर वेगळा बसवतोय ना! तुमचा तो वरचा झरोका पुठ्ठा लावून बंद करू."

"माझा झरोका?" काकांनी पाइप खाली सोडला. पाणी अंगणभर. "उद्या थोरला बोलंल त्याचा बंद करतंय. मंग घर र्‍हायला कुठं? हाटेल झाला हा."

"मग नको बाबा. मग राहूच दे. आम्ही फ्लॅट बघतो. तो समोरचा, बाराव्या मजल्यावरचा, रिकामा आहे."

त्याने बोट दाखवलं आणि आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं. गुलाबी टॉवर. काकांच्याच शेतात उगवलेला.

काकांनी पाइप उचलला आणि जाळी परत धुवायला घेतली.

"धुतलेली हाय ती," काकी हळूच म्हणाल्या.

"असू दे."

वाळत आलेली चौकट परत ओली झाली. त्या दिवशी घरात संध्याकाळपर्यंत वारा नव्हता. पडदे सरळ, मेल्यासारखे लटकत होते. मला इतकं कसंतरी झालं! मी या घरात भाड्याने राहणारी मुलगी, माझा काय संबंध, पण मला वाटत होतं कुणीतरी काहीतरी करा ना. हे गेले तर या घराचा एक पडदा कायमचा थांबणार.

एसीवाला दुसऱ्या दिवशी आला नाही. काकींनी धाकट्या दादाकडून दोन-चार दिवस मागून घेतले. ते दिवस सगळे एकमेकांशी फक्त मिठाबद्दल बोलत होते.

मग ती दुपार. मी चहाला खाली उतरत होते. थोरली वहिनी मुलांना आणायला शाळेत, दोघे दादा बाहेर. हॉलमध्ये काका एकटेच उभे, कान टवकारून. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. नळ पूर्ण सोडलेला. बराच वेळ झाला असावा, कारण काका चिडलेले होते. खरवईत टँकरचं पाणी काय भावाने येतं ते त्यांना विचारा! त्यांनी दार वाजवलं.

"कोन हाय आत? टाकी रिकामी करनार काय?"

नळ बंद झाला. आणि मग, पाण्याच्या आवाजाखाली जे इतका वेळ झाकलेलं होतं ते ऐकू आलं. हुंदका होता तो. दाबता दाबता निसटलेला.

कडी निघाली. धाकटी वहिनी बाहेर आली. कपडे कोरडे. आंघोळ नव्हतीच चालली. डोळे सुजून लाल. तिने पदर नीट केला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, या घरात एवढं एकच दार लागतं."

काका बघत राहिले.

"पडद्यामागे रडले तर सगळे येतात. आई येतात, वहिनी पाणी आणतात, मुलं विचारतात काय झालं. सगळे खूप चांगले आहेत हो. पण मला कुणी यायला नको असतं. थोडा वेळ. मला फक्त माझ्या आईची आठवण काढायची असते." आणि मग तिचा बांध फुटलाच. "मी कुठे रडू, बाबा?"

मी जिन्यात तशीच थिजले. काका पण. त्यांचा हात नकळत चेनमधल्या किल्लीवर गेला होता. ते वळले आणि अंगणात निघून गेले.

मला राग आला त्यांचा! खरंच! मी वहिनीजवळ जायला निघाले, आणि मग आठवलं तिने आत्ताच काय सांगितलं ते, आणि पायरीवरच बसून राहिले.

थोड्या वेळाने काका परत आले. हातात करवत. भाताच्या कणग्याजवळ खुंटीला टांगलेली असायची ती जुनी, गंजकी. त्यांनी धाकट्या दादाच्या खोलीच्या दाराचे बिजागरीचे स्क्रू काढायला घेतले. मी धावत गेले आणि दाराला आधार दिला. केवढं जड दार! आम्ही ते अंगणात नेलं, दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. आवाज ऐकून काकी बाहेर आल्या, तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

काकांनी दाराच्या खालच्या कडेला दोन बोटं लावली. हे माप. मग त्याच दाराला त्यांनी बोटाने टकटक केलं, हलकेच, आत कुणी आहे का विचारल्यासारखं. आणि करवत चालवली.

सागाचा वास सुटला. इतक्या वर्षांनी पण आतून लाकूड ताजं होतं, मधाच्या रंगाचं. काकांच्या दंडावर भुसा बसत होता. वहिनी कधी बाहेर येऊन उभी राहिली कळलंच नाही.

"बाबा, नका ना. तुमची दारं..."

करवत थांबली नाही.

"आणि एवढं कापलं तर बाहेरून पाय दिसतील," ती रडता रडता म्हणाली, आणि मला त्यातही हसू आलं.

काका थांबले. कपाळावरचा घाम पुसला.

"पाय दिसू दे," ते म्हणाले. "मानूस घरान हाय, एवढं आमाला कलंल. तोंड नाय दिसनार. तोंड तुझं."

संध्याकाळी धाकटा दादा आला तेव्हा त्याच्या खोलीचं दार लागलेलं होतं. त्या घरात पहिल्यांदाच. आत दिवा होता आणि खालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी हॉलच्या फरशीवर पडली होती. काका सोफ्यावर बसून तिच्याकडे बघत होते. दादाने पायातले बूटसुद्धा काढले नाहीत, तो पण बघत राहिला. मग त्याने वाकून फटीपाशी हात धरला.

"येतोय की वारा," तो म्हणाला.

"मंग?" काका म्हणाले. "आता तो भोकवाला येनार काय उद्या?"

"सांगतो त्याला नको म्हणून."

पुढच्या आठवड्यात काकांनी सगळीच दारं कापली. माझं पण. ते लाकडाचे तुकडे काकींनी लोणच्याच्या बरण्यांखाली घातले. "आता लाव दार आन् कर अभ्यास," काका मला म्हणाले. आणि बघा काय मजा, ज्या दारासाठी मी घरून भांडून आले होते, ते मिळालं आणि मला आत करमेना. मी ते थोडं उघडंच ठेवायचे. पडद्याची सवय झाली होती.

नंतर मला सरकारी नोकरी लागली आणि मी अंबरनाथला आले. आता माझ्या खोलीत भिंतीवर एक खोकं आहे, घरघर करतं, बादलीत ठिबकतं, आणि चहाला कधीच बोलावत नाही.

मागच्या महिन्यात सहज खरवईला गेले. दुपार होती. हॉलमध्ये शिरले आणि दारातच थांबले. काका फरशीवर पडले होते. पालथे, गाल जमिनीला, धाकट्या दादाच्या बंद दारासमोर.

"काका!"

"श्श!" त्यांनी बोट वर केलं. डोकं हलवलंही नाही. "बोलतंय ती."

मग मला दिसलं. दाराखालच्या फटीतून चार इवलीशी बोटं बाहेर आली होती, फरशीवर काहीतरी शोधत. आत वहिनी झोपलेली असणार, आणि तिची रांगायला लागलेली मुलगी पलंगावरून उतरून दारापर्यंत आली होती. "ब्बू," आतून आवाज आला. काकांनी आपलं जाड, काळं बोट त्या बोटांजवळ नेलं. ती बोटं त्याला घट्ट चिकटली.

मी बॅग ठेवली आणि त्यांच्या शेजारी आडवी झाले. फरशी गार होती. फटीतून गार हवा तोंडावर येत होती, तिला पावडरचा आणि दुधाचा वास होता, आणि मागे कुठेतरी, अगदी पुसट, सागाचा. वर सगळे पडदे हळूहळू फुगत होते.

"जल्मभर बघत र्‍हायलो गो पोरी," काका कुजबुजले, "वारा कुठून यतं म्हनून."

आतल्या मुठीने त्यांचं बोट ओढलं.

"आता दिसला."